केमन एसचे ब्रेक पॅड: स्वतः तपासा, स्वतः बदला

माझी पोर्शे केमन एस २००८ सालची आहे. ती माझ्याकडे आली तेव्हा मी तिचा तिसरा मालक होतो. पहिले तीन महिने डॅशबोर्डवर ब्रेकचा दिवा एकदाही लागला नाही. पेडल घट्ट होतं, आवाज काही नव्हता. मग टायर बदलायला चाकं उतरवली तेव्हा मी सहज टॉर्च मारली. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या पॅडवर जेमतेम दीड मिलिमीटर मटेरियल उरलं होतं. त्याच चाकाच्या बाहेरच्या पॅडवर चार मिलिमीटर होतं. मग दिवा का लागला नाही म्हणून वायर शोधत गेलो, तर पॅडची झीज ओळखून दिवा लावणाऱ्या सेन्सरचं टोक कापून दोन्ही तारा एकमेकींना पिळलेल्या आणि वर काळी टेप. कुणीतरी कधीतरी नवा सेन्सर घालायचा कंटाळा केला होता. त्या अवस्थेत मी ताम्हिणी घाट दोनदा उतरलो होतो. शेजारच्या सीटवर माझी मुलगी होती.

तेव्हापासून या गाडीच्या ब्रेकचं काम मी स्वतः करतो. हे काम अवघड नाही. इंजिनाचं बेल्ट किंवा क्लच बदलण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. पण यात घाई आणि अंदाज चालत नाही. शंका आली की मोजायचं, आणि तरीही शंका राहिली तर गाडी हलवायची नाही, एवढं पाळणार असाल तर पुढचं वाचा.

हा लेख २००५ ते २०१२ या काळातल्या, म्हणजे ९८७ पिढीच्या केमन एसबद्दल आहे. लाल कॅलिपर आणि लोखंडी डिस्कची गाडी. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती, आणि कॅलिपर म्हणजे आतल्या पिस्टनने पॅड तिच्यावर दाबणारा भाग. त्याच पिढीच्या बॉक्स्टर एसलाही यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं. तुमच्या गाडीचे कॅलिपर मूळचे पिवळे असतील तर डिस्क सिरॅमिकची आहे. तिचे पॅड वेगळे असतात, डिस्कची झीज नुसत्या जाडीवरून ठरवता येत नाही आणि चाक काढताना रिम आपटली तरी डिस्कचा टवका उडू शकतो. ते काम त्यातल्या जाणकाराकडेच द्या.

पॅडवर किती भार येतो

गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्यातली ऊर्जा चौपट होते, हे शाळेत शिकलेलं गणित. चालकासह सुमारे १४०० किलोची केमन ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायची तर ब्रेकना साधारण ०.५४ मेगाज्यूल ऊर्जा पचवावी लागते. ताशी २०० वरून थांबवायची तर २.१६ मेगाज्यूल. एवढ्या उष्णतेत तीस अंशांवरचं सात लिटर पाणी उकळीला येतं. बुद्ध इंटरनॅशनल सर्किट या रेसच्या ट्रॅकवर लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी हेच काही सेकंदांत होतं, आणि पुढच्या फेरीला पुन्हा होतं.

ही सगळी उष्णता पॅड आणि डिस्क यांच्या घासण्यातून तयार होते. पॅड जाड असतो तेव्हा त्याचं मटेरियल ही उष्णता कॅलिपरच्या पिस्टनकडे जाऊ देत नाही. पॅड पातळ झाला की ती भिंतच पातळ होते. पिस्टन तापतो, पिस्टनमागचं ब्रेक ऑइल तापतं, त्यात पाणी मुरलेलं असेल तर त्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते. पेडल तळाला जातं, गाडी मात्र थांबत नाही. म्हणून ट्रॅकवर जाणाऱ्यांनी पॅड अर्ध्यावर आले की बदलावेत असं माझं मत आहे. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला दोन-तीन मिलिमीटरपर्यंत थांबता येतं. ट्रॅकवर किंवा लांब घाटात जायचं असेल तर तोवर वाट पाहू नये.

आधी तपासणी

चाक न काढता तपासणी होते, पण अर्धीच. केमनच्या रिमच्या आऱ्यांमधून टॉर्च मारली की कॅलिपरमध्ये डिस्कला टेकलेल्या बाहेरच्या पॅडची कड दिसते. त्यात दोन थर असतात: मागे लोखंडी पत्रा आणि पुढे घासलं जाणारं करड्या-काळ्या रंगाचं मटेरियल. मोजायचं ते फक्त मटेरियल. पत्र्यासकट पाहिलं तर पॅड उगाच जाड वाटतो, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. नव्या पॅडवर दहा मिलिमीटरहून जास्त मटेरियल असतं. दोन मिलिमीटर ही शेवटची मर्यादा. डॅशबोर्डवरचा दिवा साधारण अडीच मिलिमीटरला लागतो, म्हणजे तो लागतो तेव्हा तुमच्या हातात फार काही उरलेलं नसतं.

आतला पॅड चाक काढल्याशिवाय नीट दिसत नाही. निदान दर सहा महिन्यांनी चाकं उतरवा. कॅलिपर वरून उघडा असतो, त्या खिडकीतून चारही चाकांचे आतले-बाहेरचे असे आठ पॅड दिसतात. आठही मोजा. प्लास्टिकच्या पट्टीचा एक तुकडा कापून त्यावर मिलिमीटरच्या खुणा करून ठेवा, तो त्या फटीत बरोबर जातो.

मग आकड्यांची तुलना करा. या गाडीचे कॅलिपर जागेवर घट्ट बसवलेले असतात आणि प्रत्येकात चार पिस्टन असतात, दोन आतून, दोन बाहेरून. त्यामुळे आतला आणि बाहेरचा पॅड जवळपास सारखाच झिजायला हवा. एक मिलिमीटरचा फरक चालतो. माझ्या गाडीतला अडीच मिलिमीटरचा फरक पिस्टन अडकल्याचं सांगत होता. एकच पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्याला जाड, असा तिरका झिजला असेल तरीही पिस्टनवरच संशय घ्या. तिरकी झीज टाळण्यासाठीच कॅलिपरमध्ये पिस्टन दोन आकारांचे ठेवलेले असतात. फिरणारी डिस्क ज्या टोकाने पॅडखाली शिरते तिथे लहान, जिथून बाहेर पडते तिथे मोठा.

मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपत असतील तर घाबरू नका. गाडीचं इंजिन मध्यभागी असल्यामुळे मागच्या ब्रेकनाही बरंच काम असतं, आणि गाडी घसरू नये म्हणून पीएसएम यंत्रणा वळणात स्वतःहून एकेका चाकाला ब्रेक लावत असते. ट्रॅकवर पीएसएम चालू ठेवून जोरात चालवणाऱ्यांचे मागचे पॅड लवकर जातात.

ब्रेक ऑइलच्या डबीकडेही पाहा. केमनमध्ये ती पुढच्या डिकीत असते. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात, त्यांच्यामागची जागा भरायला ऑइल खाली उतरतं आणि डबीतली पातळी हळूहळू कमी होते. ही पातळी पॅडचीच खबर देत असते. सर्व्हिसिंगमध्ये न विचारता वरून ऑइल ओतून ती भरली की ती खबर पुसली जाते. पातळी एकाएकी उतरली तर मात्र ती गळती आहे. मग पॅडचा विचार सोडून आधी गळती शोधा.

काय आणायचं

पॅड एका अक्षावरच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलतात. एकाच बाजूचे कधीच नाही, नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढेल.

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मूळ प्रकारचेच पॅड घ्या. पॅजिड, टेक्स्टार, फेरोडो यांचे या गाडीसाठीचे पॅड मिळतात. ट्रॅकचे पॅड ऐकायला छान वाटतात, पण ते गरम झाल्यावरच धरतात. सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर रिक्षा आडवी आली तर थंड पडलेला ट्रॅक पॅड दगा देतो. वर तो कर्कश ओरडतो आणि डिस्कही लवकर खातो. वर्षातून दोनदा ट्रॅकवर जात असाल तर दोन वेगळे सेट ठेवा आणि जाण्याआधी बदला. या गाडीत ते तासाभराचं काम आहे.

पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, एफएफ, जीएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर साधारण तापमानाला पॅडची पकड सांगतं, दुसरं गरम झाल्यावरची. ‘ई’ म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो. या गाडीला असा पॅड घालू नका.

पॅडसोबत आणखी तीन गोष्टी आणा: झिजेचे सेन्सर, पिस्टनमध्ये बसणारे कंपन-रोधक, आणि पिन, क्लिप व पत्र्याच्या स्प्रिंगचा संच. कंपन-रोधक म्हणजे पत्र्याच्या छोट्या वाट्या. त्यांची मागची बाजू पिस्टनच्या पोकळीत अडकते आणि पुढची चिकट बाजू पॅडच्या पाठीला चिकटते. जुने पुन्हा वापरले तर ब्रेक हमखास ओरडतात. पिस्टन दोन आकारांचे असल्यामुळे रोधकही दोन आकारांचे येतात. ते आणतानाच जुळवून घ्या.

हत्यारांमध्ये चांगला ट्रॉली जॅक आणि दोन घोड्या, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायचे टेकू, लागतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नका, एका मिनिटासाठीसुद्धा. १९ मिलिमीटरचा सॉकेट, टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोराने आवळणारा), बारीक पंच आणि छोटी हातोडी, पक्कड, पिस्टन मागे ढकलायचा स्प्रेडर, प्लास्टिकचा सपाट पाता, नायलॉनचा ब्रश, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, डिस्कची जाडी मोजायला मायक्रोमीटर, डबीतून ऑइल ओढायला मोठी सिरिंज, नवं सीलबंद डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल, मास्क आणि हातमोजे. रिमच्या बोल्टपैकी एकाला कुलूप असतं. त्याची चावी गाडीत आहे ना, हे काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशीच पाहून ठेवा.

चाक उतरवणं

ब्रेक पूर्ण थंड असू द्या. सपाट, टणक जमीन हवी. पावसाळ्यात मुरूम किंवा पेव्हर ब्लॉकवर घोडी रुतते, तिथे हे काम करू नका. जो अक्ष उचलायचा नाही त्याच्या चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावा. गाडी जमिनीवर असतानाच बोल्ट अर्धा वळसा सैल करा. जॅक आणि घोड्या फक्त कंपनीने ठरवलेल्या टेकूच्या जागीच लावा. केमनच्या पोटाखाली बराचसा भाग प्लास्टिकच्या पत्र्यांनी झाकलेला असतो, त्यावर जॅक लावला तर तो आत जातो.

या गाडीच्या चाकाला नट नसतात, बोल्ट असतात. सगळे बोल्ट निघाले की चाक नुसतं हबवर टेकलेलं असतं, घसरून पडलं तर कॅलिपरचा रंग उडतो. म्हणून वरचा एक बोल्ट काढून त्याजागी बोल्टच्याच आट्यांची लांब गाईड पिन लावा आणि चाक तिच्यावरून सरकवत बाहेर घ्या.

दोन्ही बाजू एकदम उघडू नका. आधी एक पूर्ण करा, मग दुसरी. मध्येच स्प्रिंग कुठल्या बाजूने होती असा प्रश्न पडला तर दुसऱ्या चाकाकडे जाऊन पाहता येतं. तरीही मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

जुने पॅड काढणं

या कॅलिपरची मोठी सोय म्हणजे पॅडसाठी कॅलिपर उतरवावा लागत नाही. वरच्या खिडकीतून पॅड निघतात. कॅलिपरच्या मोठ्या बोल्टना हात लावू नका.

आधी डबीचं झाकण उघडा आणि सिरिंजने थोडं ऑइल काढून घ्या. पिस्टन मागे ढकलले की त्यांच्यामागचं ऑइल परत डबीत येतं आणि डबी भरलेली असेल तर बाहेर सांडतं. ब्रेक ऑइल गाडीचा रंग उचलतं, म्हणून भोवती जुनी चादर पसरा आणि थेंब पडलाच तर लगेच पाण्याने धुवा.

आता कॅलिपरच्या खिडकीत पाहा. मधून एक आडवी पिन गेलेली दिसेल. तिच्याखाली चाकाच्या दिशेने दाबलेली पत्र्याची स्प्रिंग, आणि पिनच्या एका टोकाला वाकडी क्लिप. क्लिप पकडीने ओढून काढा. मग एका अंगठ्याने स्प्रिंग खाली दाबून धरा आणि क्लिपच्या बाजूने पंच लावून पिन हळूच ठोका, म्हणजे ती डोक्याच्या बाजूने बाहेर येईल. स्प्रिंग सोडताना तोंड त्या सरळ रेषेत ठेवू नका, ती उडते. सेन्सरचं टोक पॅडच्या खाचेतून अलगद बाहेर काढा. वायर ओढू नका, टोक धरून काढा.

इथे सेन्सर नीट पाहा. त्याच्या टोकात तारेचा एक वेढा असतो. पॅड झिजत गेला की डिस्क आधी वरचं प्लास्टिक घासते, मग तार. प्लास्टिक नुसतं घासलेलं असेल तर सेन्सर पुन्हा चालतो. तार उघडी पडली असेल तर नवा घाला. दोन तारा जोडून दिवा विझवणं हा माझ्या दृष्टीने गुन्हा आहे. ती गाडी पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला याचा पत्ताही लागणार नाही.

पॅड लगेच ओढायला जाऊ नका. कंपन-रोधकांनी तो पिस्टनला चिकटलेला असतो. जुना पॅड जागेवर असतानाच पॅड आणि डिस्कच्या फटीत स्प्रेडर घालून हळूहळू दाब द्या, म्हणजे दोन्ही पिस्टन एकदम सरळ मागे जातील. लोखंडी स्क्रूड्रायव्हर डिस्कवर टेकवून ढकलू नका, डिस्कवर ओरखडा उठतो. मग प्लास्टिकचा पाता पॅडची पाठ आणि पिस्टन यांच्या मधे सरकवून चिकटा सोडवा आणि पॅड वर ओढा.

एका वेळी एकच पॅड काढा. दुसरा जागेवर राहू द्या. चारही पिस्टन एकाच ऑइलवर चालतात, एक आत ढकलला की दुसरा बाहेर येऊ पाहतो. तिथे अडवायला पॅड नसेल तर पिस्टन पूर्ण बाहेर पडून ऑइल सांडेल, आणि मग हे काम एका दुपारीत संपणार नाही.

मोकळ्या कॅलिपरकडे दहा मिनिटं पाहा

बरेच लोक इथे घाई करतात. जुना काढला, नवा कोंबला, चाक लावलं. पण पुढच्या दोन वर्षांच्या तक्रारी याच दहा मिनिटांत सापडतात.

काळी धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. ती फुप्फुसात जाते. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने ओली करा, नायलॉनच्या ब्रशने घासा, कापडाने पुसा. तारेचा ब्रश कॅलिपरच्या रंगावर आणि पिस्टनच्या रबरावर चालवू नका.

पिस्टनभोवतीचं रबर फाटलेलं, फुगलेलं किंवा ओलसर आहे का? ओल म्हणजे गळती. मग कॅलिपर उघडावा लागेल, नवे पॅड त्यावर उपाय नाही. पिस्टन स्प्रेडरने सारख्याच ताकदीने मागे गेले का? एखाद्याला जास्त जोर लागला असेल तर तोच अडकलेला आहे. माझ्या गाडीत तेच होतं.

आता ती गोष्ट, जी किनारपट्टीजवळच्या गाड्यांत मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. कॅलिपर अॅल्युमिनियमचा, आणि पॅडचे कान, म्हणजे त्याच्या पत्र्याची दोन टोकं, ज्या पट्ट्यांवर सरकतात त्या स्टेनलेस स्टीलच्या. दोन वेगळे धातू, मधे खारट ओल, मग अॅल्युमिनियम पांढरं भुसभुशीत होऊन फुगतं आणि पट्टीला आतून बाहेर ढकलतं. जागा अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने अरुंद होते. नवा पॅड मग दाबून बसवावा लागतो, ब्रेक सोडल्यावर मागे सरत नाही, डिस्कला घासत राहतो, तापतो आणि एकाच बाजूने झिजतो. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा इथल्या जुन्या गाड्यांत हे हमखास सापडतं. नवा पॅड खिडकीत हाताने घालून पाहा. तो बोटाच्या दाबाने सहज खाली उतरला पाहिजे. अडत असेल तर पॅडचे कान कानशीने घासून पळवाट काढू नका. पट्टीचे छोटे स्क्रू सोडवा, खालचं पांढरं खरवडून स्वच्छ करा, पट्टी परत सपाट बसवा.

मग डिस्क. पुढची डिस्क नवी असताना ३१८ मिलिमीटर व्यासाची आणि २८ मिलिमीटर जाडीची असते, मागची २९९ आणि २४ मिलिमीटरची. झिजून पुढची २६ आणि मागची २२ मिलिमीटरवर आली की ती बदलायचीच. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तोच आकडा अंतिम माना. जाडी मायक्रोमीटरने मोजा. साध्या व्हर्नियरचे जबडे डिस्कच्या बाहेरच्या न झिजलेल्या कडेवर टेकतात आणि आकडा खोटा येतो. एकाच नाही, चार-पाच जागी मोजा.

या डिस्कना भोकं असतात. पोर्शेने १९७८च्या ९११ टर्बोवर भोकांच्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर आणले, ती मांडणी ९१७ या रेसिंग गाडीवरून आलेली. पावसात पॅडखालचं पाणी सरायला भोकांची मदत होते. पण उष्णतेच्या भेगा सुरू होतात त्याही भोकाच्या कडेपासूनच. केसासारख्या बारीक रेघा चालतात. भेग नखाला लागत असेल, एका भोकातून दुसऱ्यात गेली असेल किंवा डिस्कच्या कडेपर्यंत पोचली असेल तर डिस्क बदला. भोकं पॅडच्या चुऱ्याने बुजली असतील तर बारीक काडीने मोकळी करा.

नवे पॅड बसवणं

कंपन-रोधक पिस्टनच्या पोकळीत दाबून बसवा, मोठा मोठ्यात, लहान लहानात. चिकट बाजूचा कागद पॅड घालण्याच्या अगदी आधी काढा. पॅडचे कान पट्टीला जिथे टेकतात तिथे ब्रेकसाठीची खास उष्णतारोधक पेस्ट बोटावर येईल तेवढीच लावा. साधं ग्रीस नको, ते वितळून पसरतं. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला पेस्ट, ऑइल, बोटाचा घाम काहीही लागू देऊ नका.

पॅड घासणारी बाजू डिस्ककडे करून सरळ खाली सरकवा. हे सांगायची गरज वाटू नये, पण उलटे बसवलेले पॅड मी डोळ्यांनी पाहिले आहेत. एक झाला की दुसरा जुना काढा, त्याच्या बाजूचे पिस्टन ढकला, स्वच्छता करा, नवा घाला. मधून मधून डबीकडे लक्ष असू द्या.

सेन्सर खाचेत बसवा आणि वायर मूळ क्लिपांतून न्या. ती रिमला किंवा डिस्कला लागायला नको. स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून ती ताणली जात नाही ना, ते पाहा. स्प्रिंग ठेवा, अंगठ्याने दाबा, पिन सरकवा, शेवटी नवी क्लिप. क्लिप पिनच्या भोकातून पूर्ण आरपार गेली आहे का, हे बोट फिरवून तपासा. नुसतं दिसण्यावर जाऊ नका.

चाक लावण्याआधी पेडल

आता गाडीत बसा आणि इंजिन न लावता ब्रेकचं पेडल दाबा. ते सरळ तळाला जाईल. घाबरू नका, पिस्टन मागे ढकललेले आहेत म्हणून तसं होतं. हळूहळू, छोट्या छोट्या दाबांनी पंप करत राहा. पाच-दहा दाबांत ते वर येऊन घट्ट होईल.

या पायरीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पॅड बदलून, चाक लावून, समाधानाने इंजिन सुरू करून गाडी मागे घ्यायची आणि पहिलाच ब्रेक रिकामा जायचा, हे नवख्याच्याच नाही, अनुभवी मेस्त्रीच्या हातूनही होतं. म्हणून मी काम सुरू करतानाच स्टिअरिंगवर टेपने एक कागद चिकटवतो: ‘पेडल?’ पेडल घट्ट झाल्याशिवाय तो काढत नाही.

पेडल घट्ट झाल्यावर डबीतली पातळी वरच्या खुणेपर्यंत आणा, सीलबंद बाटलीतल्या डॉट ४ने. लोक त्याला ऑइल म्हणतात, पण ते तेल नाही. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. ताज्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तो १५५पर्यंत उतरला तरी मानकात बसतो. आपल्या पावसाळ्यात अर्धी वापरलेली बाटली कपाटात ठेवून पुढच्या वर्षी वापरणं म्हणूनच चुकीचं. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला. सिलिकॉनचं डॉट ५ या गाडीत कधीही घालू नका. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं.

पंप करूनही पेडल मऊच राहिलं तर यंत्रणेत हवा आहे. ब्लीडिंग करून ती हवा बाहेर काढल्याशिवाय गाडी हलवू नका.

चाक गाईड पिनवरून लावा, बोल्ट हाताने फिरवत न्या, गाडी खाली उतरवा आणि टॉर्क पान्याने समोरासमोरच्या क्रमाने १३० न्यूटन-मीटरला आवळा. टायरच्या दुकानातल्या हवेच्या गनने आवळून घेऊ नका. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क तपासा.

पॅड मुरवणं

सोसायटीच्या आतच, चालण्याच्या वेगात, तीन-चार वेळा ब्रेक लावून पाहा. मग बाहेर पडा.

नवा पॅड आणि जुनी डिस्क पहिल्या दिवशी पूर्ण टेकत नाहीत. पॅडच्या मटेरियलचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढायला वेळ लागतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गरज नसताना जोरात ब्रेक लावू नका आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा. त्यानंतर पहाटे, मागे-पुढे कुणी नसलेल्या मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादेत राहून ताशी ८० वरून ३० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावा. दोन ब्रेकच्या मधे गाडी थोडी चालू द्या. पूर्ण थांबू नका. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून सगळं थंड होऊ द्या. हे काम एक्स्प्रेसवेवर करू नका, मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही काय करताय ते कळत नाही. पॅडच्या कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा.

गरम ब्रेकवर पेडल दाबून उभं राहिलं की पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. पुढे त्या जागी स्टिअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिच्यावर मटेरियल असमान चढलेलं असतं.

पहिल्या फेरीहून आल्यावर चारही रिमजवळ हात न्या, स्पर्श न करता. एका अक्षावरच्या दोन चाकांपैकी एकातून जास्त धग येत असेल तर तिथला पॅड सुटत नाही. आठवड्याने चाकांच्या आऱ्यांतून पुन्हा टॉर्च मारा, पिन आणि क्लिप जागेवर आहेत का पाहा, डबीची पातळी पाहा. मग वहीत तारीख, किलोमीटर आणि आठही पॅडची जाडी लिहून ठेवा. गाडी विकली तर ती वहीही नव्या मालकाला द्या.